वारसा कुणाचा? पुलिकतचे सरोवर आणि वलंदेजांची थडगी

प्रवासवर्णन हा आपल्याकडे एक निरुपद्रवी वाङ्मयप्रकार मानला जातो. लेखकाने गावाला जावे, जुने दगड पाहावेत, काळाच्या ओघाविषयी दोन उसासे टाकावेत आणि परतावे. समीक्षकही त्याच्याकडे शैलीपलीकडे फारसे काही मागत नाहीत. ही सवलत किती महाग पडते, हे पाहायचे तर पुलिकतसारखे उदाहरण नाही.

चेन्नईच्या उत्तरेस सुमारे साठ किलोमीटरवर, याच नावाच्या खाऱ्या सरोवराच्या काठी हे गाव आहे. तमिळ नाव पळवेरकाडू. चिल्कानंतर देशातले हे दुसऱ्या क्रमांकाचे खाऱ्या पाण्याचे सरोवर. त्याचा बराचसा भाग आंध्रात मोडतो आणि श्रीहरिकोटा बेट त्याला बंगालच्या उपसागरापासून वेगळे करते. वलंदेजांनी, म्हणजे डचांनी, १६१० साली येथे वखार थाटली आणि १६१३ मध्ये गेल्ड्रिया हा किल्ला उभा केला. १६९० मध्ये नागपट्टणला मुख्य ठाणे हलेपर्यंत त्यांच्या चोलमंडल किनाऱ्यावरच्या कारभाराचे केंद्र येथेच होते. अखेर १८२४ च्या तहानुसार १८२५ मध्ये हे गाव इंग्रजांकडे गेले. किल्ल्याचा आज केवळ झाडोऱ्यात बुडालेला उंचवटा उरला आहे. दफनभूमी मात्र केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात शाबूत आहे. तिच्या दारावर दोन कोरीव सांगाडे उभे आहेत आणि आत कुलचिन्हे व डच मजकूर कोरलेल्या शिळा आहेत. या गावावर लिहिणारा बहुधा या सांगाड्यांपाशी थांबतो. तेथे आयते रूपक मिळते आणि लेख संपतो.

माझा आक्षेप या थांबण्याला आहे. गावात शिरायला आज रस्ता आहे, पण पुलिकत समजून घ्यायचे तर ते पाण्याकडून वाचले पाहिजे. होडीतून पाहिले की दगड नजरेआड होतात. दिसते ते उथळ पाणी, जाळी बांधण्यासाठी रोवलेले खांब, पलीकडची वाळूची पट्टी आणि समुद्राला मिळणारे अरुंद मुख. या उथळपणामुळे वलंदेजांची मोठी जहाजे समुद्रातच नांगरून राहत आणि माल लहान होड्यांतून त्यांच्यापर्यंत नेला जाई. त्यात प्रामुख्याने कापड असे. चौकटीच्या रंगीत रुमालाला या गावाचेच नाव पडले आणि ते इंग्रजी शब्दकोशांतही गेले. ज्या विणकरांनी ते कापड विणले त्यांची नावे मात्र कोणत्याच शिळेवर नाहीत.

आणि त्या होड्यांतून केवळ कापड जात नव्हते. सतराव्या शतकात या किनाऱ्यावरून कंपनीने माणसेही विकत घेऊन नेली. दुष्काळ पडला किंवा युद्ध झाले की माणसे स्वस्त होत आणि ही खरेदी वाढे. १६५९ ते १६६१ या काळात विजापूरच्या फौजांनी तंजावरचा मुलूख उद्ध्वस्त केला, तेव्हा नागपट्टण, पुलिकत आदी ठिकाणी आठ ते दहा हजार माणसे विकत घेतली गेल्याचे इतिहासकार मार्कुस फिंक यांनी डच कागदपत्रांच्या आधारे नोंदवले आहे. त्यांतली बहुतेक सिंहलद्वीपात गेली, काही बटाव्हिया आणि मलाक्याला. जे अधिकारी येथे मेले त्यांना कोरीव शिळा मिळाल्या. जे येथून नेले गेले त्यांच्यासाठी साधा धोंडाही नाही.

मराठी वाचकाला हा प्रसंग परका नाही. आदिलशाहीच्या कर्नाटकातील फौजांत मराठे सरदार होते, शहाजीराजे त्यांतले अग्रगण्य. पुढे १६७७ च्या कर्नाटक मोहिमेत शिवाजी महाराजांनी वलंदेजांना दिलेल्या कौलात स्त्री-पुरुषांना गुलाम म्हणून विकत घेऊन नेण्यास मनाई केली. हा कौल दक्षिणेकडच्या मुलखासाठी होता, पुलिकत त्याच्या कक्षेत नव्हते. आपण हा कौल अभिमानाने सांगतो, आणि तो सांगावाच. परंतु त्या मनाईमागे किती मोठा व्यापार उभा होता आणि त्याला आदल्या पिढीतल्या स्वाऱ्यांनी कसे खाद्य पुरवले होते, हे सांगितल्याशिवाय त्या कौलाचे मोलही कळत नाही.

'डच वारसा' हा शब्दप्रयोग म्हणूनच तपासला पाहिजे. वारसा म्हटला की वारस आला. वलंदेज तर दोनशे वर्षांपूर्वी निघून गेले. आज या सरोवराशी ज्यांचे पोट बांधलेले आहे ते कोळी पिढ्यान्‌पिढ्या 'पाडू' नावाची पद्धत पाळत आले आहेत. जाळी लावण्याच्या जागा कुणा एकाच्या मालकीच्या न होता पाळीपाळीने वाटल्या जाव्यात, ही त्यामागची कल्पना. सरोवराचे मुख गाळाने बुजते आणि ते खुले राहावे अशी मागणी त्यांना पुन्हा पुन्हा करावी लागते. हाही वारसाच आहे, पण तो दगडाचा नसल्यामुळे आपल्या वर्णनांत त्याला 'स्थानिक जीवन' एवढेच नाव मिळते.

येथे एक प्रतिवाद संभवतो. पाण्याकडून पाहण्याचा हा हट्ट म्हणजेही पर्यटकी रोमँटिकपणा नव्हे काय? शंका रास्त आहे. २०११ च्या नाताळात येथे सहलीची होडी उलटून बावीस माणसे दगावली आणि त्यानंतर अशा सहलींवर बंदी आली. तेव्हा प्रत्येकाने होडीत बसावे असे माझे म्हणणे नाही. होडी ही येथे वाचनाची एक दिशा आहे आणि ती काठावर उभे राहूनही घेता येते. दफनभूमीकडे पाठ करून सरोवराच्या मुखाकडे पाहिले, की येथून काय गेले आणि कोण गेले हे प्रश्न आपोआप पुढे येतात.

साहित्याच्या वर्गात आपण संहितेतल्या मौनाविषयी पुष्कळ बोलतो. तीच शिस्त प्रवासवर्णनाला लावायला हरकत नसावी. वेंगुर्ल्याची डच वखार आपल्या दाराशी आहे. कंपनीने ती १६३७ साली थाटली. तिच्यावर पुढचा लेख लिहिणाऱ्याने भिंतींची मोजमापे जरूर द्यावीत. मात्र त्या भिंतींआड काय साठवले जाई, ते कुणाच्या श्रमातून येई आणि कोणत्या बंदराकडे रवाना होई, हेही त्याने विचारावे. उत्तरे मिळतीलच असे नाही. प्रश्न न विचारता लिहिलेले वर्णन मात्र कंपनीच्या हिशेबवहीचेच पुढचे पान ठरते.