परिच्छेद शिकवणं हे कॉलेजचंच काम

बेंगळुरूच्या जयनगरात पदवी कॉलेजांची दाटी आहे. सकाळी मेट्रोतून आणि फोर्थ ब्लॉकच्या बसस्टँडवर जी मुलं उतरतात, त्यांतली कितीतरी कनकपुरा, मागडी, रामनगर या बाजूंनी आलेली असतात. घरातला पहिला पदवीधर होण्यासाठी ती निघालेली असतात. काही घरी मराठी बोलतात. कुणी बेळगाव-निपाणीकडून आलेलं, तर कुणी इथल्याच जुन्या शिंपी-भावसार घरातलं. पीयूसीला, म्हणजे बारावीला, त्यांना बरे गुण असतात. पण पहिल्या सत्रात एखाद्या विषयावर पाच-सहा वाक्यं सलग लिहायला सांगितली की बहुतेकांचं पेन थांबतं.

यावर स्टाफरूममध्ये एक उत्तर तयार असतं: ‘‘हे शाळेचं काम. कर्ता-क्रियापद आणि परिच्छेद आम्ही शिकवत बसलो तर पदवीला अर्थ काय राहिला?’’ अशाच कॉलेजात पहिल्या वर्षाला भाषा शिकवणारा मी एक शिक्षक आहे. हे उत्तर मला चुकीचं वाटतं, आणि त्यातून मुलांवर अन्यायही होतो. म्हणून या पूर्वपक्षाचा एकेक मुद्दा घेऊन त्याला उत्तर द्यायचं आहे.

काम शाळेचं होतं हे मान्यच आहे. पण शाळेत ते झालेलं नाही हेही जगजाहीर आहे. मुलांना वाचता येतं का हे तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२४च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी निम्म्याहून किंचित कमी मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला. कर्नाटकात २००७ पासून पहिलीपासूनच इंग्रजी हा विषय आहे. म्हणजे आज एसएसएलसी (दहावी) होणारा मुलगा दहा वर्षं इंग्रजी शिकून येतो. तरी त्याला परिच्छेद का लिहिता येत नाही? कारण त्या दहा वर्षांत स्वतःचं वाक्य त्याला फारसं कुणी मागितलेलं नसतं. मागितलं जातं ते गाइडमधलं उत्तर, जसंच्या तसं. असा मुलगा समोरच्या बाकावर बसलेला असताना ‘हे तू मागेच शिकायला हवं होतंस’ असं म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या चुकीची शिक्षा त्याला देणं.

आणि कॉलेजने असं शिकवण्यात कमीपणा असतो, हे कुठून आलं? हार्वर्डने १८७४ मध्ये प्रवेशासाठी इंग्रजी लेखनाची परीक्षा सुरू केली. येणाऱ्यांचं लेखन पाहून चिंता वाढतच गेली आणि १८८५ मध्ये पहिल्या वर्षाला लेखनाचा सक्तीचा अभ्यासक्रम आला. तिथे शिकायला येणारी मुलं सुखवस्तू घरांतली होती. पुढे १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने शहरातल्या शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या सर्वांना दारं उघडली, तेव्हा मजुरांची, स्थलांतरितांची, काळ्या वस्त्यांतली मुलं वर्गात आली. मायना शॉनेसी या प्राध्यापिकेने अशा विद्यार्थ्यांचे सुमारे चार हजार निबंध बारकाईने वाचले आणि १९७७ मध्ये ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’ हे पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी दाखवून दिलं की या मुलांच्या चुका बेफिकिरीतून येत नाहीत. प्रत्येक चुकीमागे काही तर्क असतो आणि तो ओळखणं हे विद्यापीठाच्या तोडीचं बौद्धिक काम आहे.

जयनगरात तर कमीपणाचा हा मुद्दा कुणी काढूच नये. इथलं नॅशनल कॉलेज १९६५ मधलं. ज्या नॅशनल संस्थांचं ते कॉलेज, त्यांना आकार दिला एच. नरसिंहय्या यांनी. गौरीबिदनूरजवळच्या होसूर खेड्यातला हा मुलगा शिकण्यासाठी बेंगळुरूपर्यंत पायी चालत आला. पुढे अमेरिकेतल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीतून अणुभौतिकीत पीएचडी झाला, बेंगळुरू विद्यापीठाचा कुलगुरू झाला आणि आयुष्यभर कॉलेजच्या वसतिगृहातल्या खोलीत राहिला. ज्या परिसराला अशा माणसाचा वारसा आहे, तिथे ‘पाया कच्चा असेल तर इथे येऊ नका’ हा सूर शोभत नाही.

दुसरा आक्षेप जास्त भक्कम आहे. तो असा की व्याकरण शिकवून लेखन सुधारत नाही. हा आक्षेप मी गांभीर्याने घेतो, कारण त्यामागे संशोधन आहे. १९६३ मध्ये ब्रॅडॉक आणि सहकाऱ्यांच्या अहवालाने सांगितलं, की सुटं, औपचारिक व्याकरण शिकवण्याचा लेखनावर परिणाम नगण्य असतो, उलट लेखनाचा वेळ खाऊन ते नुकसानही करतं. २००७ मध्ये ग्रॅहम आणि पेरिन यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही सुटं व्याकरण निकालात मागेच पडलं. पण आक्षेप घेणारे पुढचं पान वाचत नाहीत. त्याच अभ्यासात वाक्यं जोडण्याचा सराव उपयोगी ठरला. छोटी छोटी वाक्यं घेऊन त्यांचं एक नेमकं वाक्य करायचं, ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘ज्यामुळे’ यांपैकी काय बसतं ते ठरवायचं, असा हा सराव. तोही व्याकरणच आहे, फक्त हात चालवून शिकलेलं. तेव्हा फळ्यावर शब्दांच्या जाती लिहून रिकाम्या जागा भरून घेणाऱ्या तासाला माझाही विरोध आहे. पण तेवढ्यावरून व्याकरणच हद्दपार करणं पटत नाही.

मुलाच्या भाषेचं व्याकरण शिक्षकाला ठाऊक असेल तर किती फरक पडतो ते पाहा. ‘तिने ग्रंथ वाचला’, ‘तिने पोथी वाचली’: मराठीत अशा ठिकाणी क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं. या भाषेत वाढलेल्याला इंग्रजीतलं क्रियापद कायम कर्त्याकडेच पाहतं, हे कुणीतरी उलगडून सांगावं लागतं. बोली कन्नडात ‘नाळे बरुत्तेने’ म्हणताना वर्तमानाचंच रूप उद्यासाठी चालतं, त्यामुळे कन्नडभाषक मुलांच्या इंग्रजीत काळांची सरमिसळ होते. इंग्रजीतल्या ‘ए’ आणि ‘द’सारखी उपपदं तर दोन्ही भाषांत नाहीत. ही कारणं समजली की मुलाचा चेहरा बदलतो. आपण मठ्ठ नाही, आपण एका भाषेचा नियम दुसरीत नेत होतो, हे त्याला कळतं. लाल रेघेने हे कधीच कळलं नसतं.

आता परिच्छेदाचं. ‘तुम्ही वाणिज्य शाखा का निवडली?’ या प्रश्नावर नेहमी समोर येतो तो परिच्छेद असा: पहिल्या वाक्यात वडिलांचं किराणा दुकान, दुसऱ्यात आधुनिक जगातलं वाणिज्याचं महत्त्व, तिसऱ्यात जीएसटी, चौथ्यात देशाची प्रगती. प्रत्येक वाक्य कदाचित शुद्धही असेल, पण त्याचा परिच्छेद होत नाही. यांतलं कोणतं वाक्य फक्त तूच लिहू शकतोस, असं विचारलं की मुलगा थोडा वेळ गप्प राहून दुकानावर बोट ठेवतो. मग दुकानातली उधारीची वही येते. महिनाअखेरीला ती वही कोण घेऊन बसतं ते येतं. हिशेब नीट मांडलेला नसल्याने बँकेपुढे दाखवायला काही नव्हतं, हे येतं. आणि अचानक वाणिज्य निवडण्याला खरंखुरं कारण मिळतं. देशाची प्रगती आपोआप गळून पडते. हे करताना मुलगा एक विधान करायला, त्याला आधार द्यायला आणि गैरलागू ते काढून टाकायला शिकला. अर्थशास्त्राच्या उत्तराला याहून वेगळं काय लागतं? हे पदवीच्या पातळीखालचं काम आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपल्याच विषयाचे पेपर पुन्हा एकदा या नजरेने तपासावेत.

तिसरा आक्षेप भाषाप्रेमाचा आहे. इंग्रजीचे नियम म्हणजे साहेबाचं जोखड, मुलांना आपल्या भाषेत लिहू द्या, असं म्हटलं जातं. मुलांना आपल्या भाषेत लिहू द्यायला माझी मनापासून संमती आहे. माझं मत तर असं, की पहिला खर्डा कन्नडभाषकाने कन्नडात आणि मराठीभाषकाने मराठीतच लिहावा. विचार आधी तिथे उभा राहतो. पण नियमांना परकं म्हणणं बरोबर नाही. केशिराजाने तेराव्या शतकात ‘शब्दमणिदर्पण’ रचून कन्नडचं व्याकरण बांधलं. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण १८३६ मधलं, मोरो केशव दामल्यांचं १९११ मधलं. ही माणसं आपल्या भाषेवर प्रेम करत होती म्हणूनच तिचे नियम शोधत होती. शिवाय घरची भाषा लिहायला दिली तरी अडचण तीच राहते. बेळगावकडचा मुलगा मराठीत सुरेख गप्पा मारतो आणि मराठीतच लिहायला बसला की तसाच विस्कटलेला परिच्छेद हातात देतो. बेंगळुरूतल्या जुन्या मराठी घरांतल्या अनेकांना तर मराठी फक्त बोलता येते. म्हणजे उणीव एकट्या इंग्रजीची नाही. सलग लिहायला कोणत्याच भाषेत शिकवलं गेलेलं नाही.

यंत्राचा आक्षेप थोडक्यात संपतो. ‘चॅटजीपीटी लिहून देईल’ असं हल्ली शिक्षकही म्हणतात. यंत्राने दिलेला परिच्छेद चांगला की पोकळ, हे ज्याने स्वतः परिच्छेद घडवला आहे त्यालाच ओळखता येतं. आणि त्या किराणा दुकानातली उधारीची वही यंत्राला माहीत नाही.

शेवटचा आक्षेप प्रामाणिक आहे: वेळ नाही. हिशेबच करू. सत्तर मुलांच्या वर्गाला आठवड्याला एक परिच्छेद दिला आणि प्रत्येकाला चार मिनिटं दिली तर चार तास चाळीस मिनिटं जातात. असे चार वर्ग असतील तर अठरा तासांहून अधिक. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत सहायक प्राध्यापकाने आठवड्याला प्रत्यक्ष शिकवायचे तास आहेत सोळा. म्हणजे तपासणी शिकवण्याहून मोठी होते, आणि कामाच्या तक्त्यात तिला रकानाच नसतो. अनेक ठिकाणी हे ओझं तासांवर नेमलेल्या अतिथी अध्यापकांवर टाकलेलं असतं. भाषाशिक्षक कामचुकार आहेत असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब डोळ्यांपुढे ठेवावा.

कर्नाटकात २०२१-२२ मध्ये पदवी चार वर्षांची झाली आणि २०२४-२५ मध्ये पुन्हा तीन वर्षांची. दोन्ही वेळा अभ्यासक्रम नव्याने बांधले गेले. इतकं बदलता येतं तर हेही येईल: पहिल्या वर्षाच्या भाषेच्या तासाला पस्तीसच मुलं, तपासणीचे तास कामाच्या तक्त्यात, आठवड्याला प्रत्येकाचा एक परिच्छेद. शिक्षकाने पाळीपाळीने एकतृतीयांश मुलांचं लेखन सविस्तर वाचावं, उरलेल्यांनी जोडीने एकमेकांचं मोठ्याने वाचावं. अंतर्गत गुण पहिल्या खर्ड्याला न देता दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा लिहिलेल्याला द्यावेत. आणि हा अभ्यासक्रम वर्षानुवर्षं शिकवलेल्या अनुभवी प्राध्यापकाकडे सोपवावा, काल रुजू झालेल्याकडे नव्हे.