क्षमा करण्याचा अधिकार कोणाचा?

ओडिशातील केओंझरच्या तुरुंगातून १६ एप्रिल २०२५ रोजी महेंद्र हेम्ब्रम बाहेर पडला. ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुले, दहा वर्षांचा फिलिप व सहा वर्षांचा टिमोथी, यांना जानेवारी १९९९ मध्ये मनोहरपूर गावात गाडीत झोपलेले असताना जाळून मारल्याच्या गुन्ह्यात त्याला जन्मठेप झाली होती. सुमारे २५ वर्षांच्या कारावासानंतर चांगल्या वर्तणुकीबद्दल त्याची सुटका झाली. बाहेर येताना त्याने आपल्याला खोटे गुंतवण्यात आल्याचे सांगितले. याच खटल्यातील मुख्य आरोपी दारा सिंग याने मुदतपूर्व सुटकेसाठी सर्वोच्च न्यायालयात केलेल्या अर्जात मात्र, तारुण्याच्या आवेशात घडलेल्या कृत्याचा खेद व्यक्त केला आहे. एकाला पश्चात्ताप नाही. दुसऱ्याने तो अर्जात नोंदविला आहे.

या दोघांनाही क्षमा मिळून पाव शतक उलटले. ग्रॅहम यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी हत्याकांडानंतर लगेचच, मारेकरी कोण हे पुरते उघडही झालेले नसताना, आपण त्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले होते. त्यानंतर त्या २००४ पर्यंत बारीपाडा येथे राहून कुष्ठरुग्णांची सेवा करीत राहिल्या. २००५ मध्ये त्यांना 'पद्मश्री' मिळाली. त्या वेळी देशभर त्यांच्या औदार्याचे कौतुक झाले. त्यांनी सांगितलेली दुसरी गोष्ट मात्र कौतुकाच्या भरात मागे पडली. क्षमा आणि गुन्ह्याचे परिणाम यांची गल्लत करू नये, असे त्यांचे म्हणणे होते. कायद्याने आपले काम करावे. आपण मनातला द्वेष सोडला आहे, एवढाच त्यांच्या क्षमेचा अर्थ होता. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने दारा सिंगची फाशी रद्द करून जन्मठेप दिली आणि २१ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, ती कायद्याच्या निकषांवर.

ग्लॅडिस यांनी केलेला हा भेद साधा वाटतो. पण गेली दोन-अडीच दशके जगभरातील चर्च नेमक्या याच भेदाशी झगडत आहे, आणि त्यातून पाप व क्षमा यांविषयीच्या पारंपरिक ख्रिस्ती कल्पनांची फेरतपासणी सुरू झाली आहे. तिची सुरुवात धर्मशास्त्रज्ञांच्या अभ्यासिकेत झालेली नाही. ती पोलीस ठाण्यांत, चौकशी आयोगांपुढे आणि पीडितांच्या जबान्यांतून झाली आहे.

पारंपरिक शिकवण थोडक्यात अशी : पाप हा मूलतः ईश्वराविरुद्धचा अपराध आहे, म्हणून त्याची क्षमाही ईश्वरच करू शकतो. कॅथलिक परंपरेत ही क्षमा पापनिवेदनाच्या, म्हणजे कन्फेशनच्या संस्कारातून धर्मगुरूच्या द्वारे मिळते. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक प्रौढ श्रद्धावंताला वर्षातून एकदा तरी पापनिवेदन बंधनकारक केले आणि तिथे ऐकलेले फोडणाऱ्या धर्मगुरूला कडक शिक्षा सांगितली. वसई, गिरगाव वा वांद्र्याच्या चर्चमध्ये ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात पापनिवेदनासाठी जी गर्दी होते, तिच्यामागे ही आठ शतकांची परंपरा उभी आहे. प्रोटेस्टंट पंथांनी मधला धर्मगुरू वगळला. पण पापी आणि ईश्वर हे दोघेच समोरासमोर, ही रचना त्यांनीही कायम ठेवली.

या रचनेत तिसरा माणूस कुठे आहे? ज्याचे नुकसान झाले, जिला मार बसला, ज्या मुलाचा विश्वास मोडला, त्याला या व्यवहारात जागा कोणती? परंपरेने त्याला अगदीच विसरले होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पश्चात्ताप आणि कबुली यांच्या जोडीने प्रायश्चित्त व नुकसानभरपाई यांचाही शिकवणीत समावेश आहे. वेदीवर अर्पण ठेवण्यापूर्वी भावाशी समेट करून ये, असे येशूनेच सांगितले आहे. जक्कय हा जकातदार लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन देतो, ते येशूने मागितल्याशिवाय. मत्तयाच्या शुभवर्तमानातील प्रभूच्या प्रार्थनेत मराठी बायबलने पापासाठी 'ऋण' हा शब्द योजला आहे, तोही लक्षात घेण्याजोगा. ऋण म्हटले की धनको आला आणि त्याला वगळून कर्ज माफ करता येत नाही. (कर्जमाफीचे राजकारण वर्षानुवर्षे पाहिलेल्या महाराष्ट्राला हे वेगळे समजावून सांगायला नको.) हे सारे ग्रंथात होते. व्यवहारात मात्र ते पुसट होत गेले.

किती पुसट, याचा सर्वांत बोलका पुरावा चर्चच्या कायद्याच्या पुस्तकातच सापडतो. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेत धर्मगुरूने अल्पवयीनावर केलेला लैंगिक अत्याचार हा 'विशेष कर्तव्यांविरुद्धच्या' अपराधांच्या प्रकरणात नोंदलेला होता. म्हणजे संहितेच्या लेखी मुख्य दोष हा, की धर्मगुरूने आपले ब्रह्मचर्य मोडले. ज्या मुलावर अत्याचार झाला, ते मूल या वर्गवारीत जणू प्रसंगाचे निमित्त होते. पोप फ्रान्सिस यांनी जून २०२१ मध्ये संहितेचा दंडविषयक सहावा भाग बदलला. त्या वर्षी ८ डिसेंबरपासून लागू झालेल्या नव्या मजकुरात हा अपराध 'मानवी जीवन, प्रतिष्ठा आणि स्वातंत्र्य' यांविरुद्धच्या अपराधांत हलविण्यात आला. दया आणि न्याय यांच्यातील नाते नीट न उमगल्यामुळे शिक्षेबाबत ढिलाई झाली, अशी कबुलीही पोपनी सोबतच्या निवेदनात दिली. वरवर पाहता हा प्रकरणांचा क्रम बदलण्याचा कारकुनी बदल. पण पाप कोणाविरुद्ध घडते, या प्रश्नाचे उत्तर त्यात बदलले आहे, आणि या संपूर्ण फेरविचारातील सर्वांत मूलगामी पाऊल बहुधा हेच असावे.

अँग्लिकन चर्चला हाच प्रश्न वेगळ्या वाटेने भिडला. जॉन स्मिथ नावाच्या बॅरिस्टरने इंग्लंडमधील ख्रिस्ती शिबिरांतून गाठलेल्या मुलांना १९७० व ८० च्या दशकांत अमानुष मारहाण केली. पापाबद्दलचे शासन म्हणून हे फटके दिले जात. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालाने, कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांना २०१३ पासून हे प्रकरण पोलिसांपर्यंत नेता आले असते व त्यांनी ते न्यायला हवे होते, असा ठपका ठेवला. १२ नोव्हेंबरला वेल्बी यांनी राजीनामा जाहीर केला. पुढे मार्च २०२५ मध्ये बीबीसीच्या मुलाखतीत त्यांना विचारण्यात आले, तुम्ही स्मिथला क्षमा कराल का? स्मिथ २०१८ मध्येच वारला होता. वेल्बींचे उत्तर साधारणतः होकारार्थी होते. अत्याचार आपल्यावर झालेला नाही, हेही त्यांनी जोडले. तरीही पीडितांत संताप उसळला. शंभर वर्षांपूर्वी एखाद्या आर्चबिशपने असे म्हटले असते तर ते ख्रिस्ती सद्गुणाचे उदाहरण म्हणून छापले गेले असते. आज लोकांनी विचारले, हे माफ करणारे तुम्ही कोण?

'सवंग कृपा' हा शब्दप्रयोग जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिश बॉनहॉफर यांनी १९३७ मध्येच केला होता. पश्चात्तापावाचून वाटलेली क्षमा, असा त्याचा रोख होता. तो रोख त्या वेळी पापी माणसावर होता. आता तो क्षमा वाटणाऱ्या संस्थेकडे वळला आहे.

या वादाची सर्वांत धारदार कड पापनिवेदनाच्या गुप्ततेपाशी आहे. एखाद्या अत्याचाऱ्याने कन्फेशनमध्ये गुन्हा कबूल केला तर धर्मगुरूने पोलिसांना कळवायचे की नाही? ऑस्ट्रेलियातील शाही आयोगाने डिसेंबर २०१७ मध्ये या गुप्ततेला सूट नको अशी शिफारस केली. व्हिक्टोरिया, क्वीन्सलँड आदी राज्यांनी तसे कायदे केले. व्हॅटिकनने २०१९ मध्ये गुप्तता अभंग असल्याचे पुन्हा बजावले. ऑक्टोबर २०२१ मध्ये फ्रान्समधील स्वतंत्र आयोगाने १९५० पासून धर्मगुरू व व्रतस्थांच्या अत्याचाराला बळी पडलेल्या मुलांची संख्या सुमारे २ लाख १६ हजार असावी, असा अंदाज वर्तविला. त्याच आठवड्यात तिथल्या बिशप परिषदेच्या अध्यक्षांनी कन्फेशनची गुप्तता प्रजासत्ताकाच्या कायद्यांहून वरचढ आहे असे विधान केले आणि गृहमंत्र्यांनी त्यांना खुलाशासाठी बोलावून घेतले. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने मे २०२५ मध्ये धर्मगुरूंना कन्फेशनसह सर्व माहिती कळविण्याचे बंधन घातले. जुलैमध्ये संघीय न्यायाधीशांनी त्याच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली आणि ऑक्टोबरमध्ये राज्यानेच कन्फेशनपुरता आग्रह सोडला.

भारतात हा प्रश्न अजून टोकाला गेलेला नाही, पण तो झाकलेला आहे इतकेच. २०१२ च्या 'पोक्सो' कायद्याचे कलम १९ कोणत्याही व्यक्तीला अशी माहिती कळविणे बंधनकारक करते आणि त्या मजकुरात पापनिवेदनासाठी वेगळी सूट नाही. जुलै २०१८ मध्ये केरळातील एका प्रकरणात कन्फेशनमधील माहितीचा वापर करून महिलेला ब्लॅकमेल केल्याचा आरोप काही धर्मगुरूंवर झाला, तेव्हा राष्ट्रीय महिला आयोगाच्या अध्यक्षांनी कन्फेशनची प्रथाच बंद करावी अशी शिफारस केली. त्या प्रकरणात आरोप होता तो गुप्तता मोडल्याचा. उपाय सुचविला गेला तो प्रथा मोडण्याचा. साहजिकच चर्चने ती धुडकावली आणि मूळ प्रश्न तिथेच राहिला. गुप्ततेच्या बाजूने एक युक्तिवाद गांभीर्याने घ्यावा असा आहे : पोलिसांना कळणार हे ठाऊक असलेला गुन्हेगार मुळात कबुली द्यायलाच येणार नाही. पण मग निदान, पोलिसांत हजर झाल्याशिवाय पापमुक्ती देणार नाही, असे धर्मगुरू सांगू शकतो की नाही? बिशपांना अधिक अडचणीचा ठरणारा प्रश्न हा आहे.

पाप व्यक्तीचे असते, संस्थेचे नाही, हा जुन्या शिकवणीचा दुसरा खांब. तोही हलला आहे. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी सेंट पीटर्समध्ये इतिहासातील पापांबद्दल क्षमा मागितली, तेव्हा शब्द जपून वापरले होते. पापे चर्चच्या लेकरांनी केली. चर्च स्वतः पवित्रच. जुलै २०२२ मध्ये कॅनडातील मास्क्वाचिस येथे पोप फ्रान्सिस यांनी मूलनिवासी मुलांच्या निवासी शाळांतील छळाबद्दल क्षमा मागितली, ती 'अनेक ख्रिस्ती व्यक्तींनी' केलेल्या दुष्कृत्यांची. कॅनडाच्या सत्य व समेट आयोगाचे अध्यक्ष राहिलेले मरे सिंक्लेअर यांनी नेमके तिथेच बोट ठेवले : शाळा चालवण्याचे धोरण संस्थेचे होते, काही वाट चुकलेल्या व्यक्तींचे नव्हे. १ ऑक्टोबर २०२४ रोजी सिनॉडच्या पूर्वसंध्येला सेंट पीटर्समध्ये पश्चात्तापाची प्रार्थनासभा झाली. आधी पीडितांनी आपली साक्ष दिली आणि मग कार्डिनलांनी एकेक पापाची क्षमा मागितली. मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशस यांच्या वाट्याला शांततेविरुद्धचे पाप आले होते. पीडित आधी बोलले, हा क्रम २००० साली नव्हता.

संस्था चुकली हे मान्य केले की पुढचा प्रश्न भरपाईचा येतो. दक्षिण आफ्रिकेने तो अनुभव घेतला आहे. आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या सत्य व समेट आयोगाने सत्य सांगणाऱ्याला माफी, हे सूत्र ख्रिस्ती क्षमेच्या भाषेत मांडले. स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबीयांनी मात्र १९९६ मध्ये घटनात्मक न्यायालयात जाऊन या माफीलाच आव्हान दिले. आमच्या वतीने राज्याने माफ करू नये, असा त्यांचा आशय होता. ते हरले. पण आयोगाकडे आलेल्या ७,११२ अर्जांपैकी अवघे ८४९ मंजूर झाले आणि बिकोंच्या मारेकऱ्यांचे अर्ज फेटाळले गेले. त्यानंतरही खटले फारसे चाललेच नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये बिको यांच्या मृत्यूची चौकशी नव्याने सुरू झाली, मृत्यूनंतर ४८ वर्षांनी.

आपल्याकडे संस्थात्मक पापाचे नाव जात आहे. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर करताना, चर्चच्या आतही जातिभेद पाळला जातो हे मान्य केले. कन्फेशनमध्ये माणूस 'मी खोटे बोललो', 'मी चोरी केली' असे सांगतो. 'आमच्या दफनभूमीत भिंत आहे' हे कोणी आणि कोणापाशी कबूल करायचे, याची सोय त्या संस्कारात नाही. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर दफनभूमीतील अशी भिंत वर्षानुवर्षे वादाचा विषय ठरली आहे : तिच्या एका बाजूला दलित ख्रिस्ती पुरले जातात, दुसऱ्या बाजूला इतर.