रविवारचे गुरुजी

मागे एकदा डोंबिवलीतल्या एका सभागृहात एका तरुणाचा सत्कार झाला. केनियातल्या एका खेड्यात तीन आठवडे राहून त्याने तिथल्या लहान मुलांना शिकवले होते, आणि विमानभाड्याखेरीज तिथल्या राहण्या-शिकवण्याचे शुल्कही पदरचे भरले होते. पडद्यावर चित्रे दाखवण्यात आली. प्रत्येक चित्रात मुले निराळी होती. तरुण मात्र तोच होता. शाल-श्रीफळ झाले, टाळ्या झाल्या. शेवटी एका वृद्ध बाईंनी विचारले, "बाळ, तू जाण्याआधी त्या मुलांना कोण शिकवीत होतं?" मुलगा प्रामाणिक होता. म्हणाला, "त्यांच्या बाई होत्या ना, आजी. मी होतो तोवर त्या मागे बसायच्या." सभागृह हसले. मला हसू आले नाही. मागे बसणाऱ्या त्या बाईंना मी ओळखतो. मीही एकदा त्यांना मागे बसवले आहे.

मी पेशाने मास्तर. त्यामुळे आपल्याला शिकवता येते अशी माझी ठाम समजूत होती. काही वर्षांपूर्वी आम्ही पाच-सहा मित्र दर रविवारी कल्याणहून एस.टी.ने मुरबाड तालुक्यातल्या एका कातकरी पाड्यावर जाऊ लागलो. पाड्यावर अंगणवाडी होती, सेविका होती. रविवारी तिला सुटी. पण पाहुणे यायचे म्हणून ती घरोघर फिरून मुले गोळा करी, त्यांची तोंडे धुई, सतरंजी अंथरी आणि आम्ही सुरू झालो की भिंतीशी सरके. तिला काही विचारावे असे आमच्यापैकी एकाच्याही मनात आले नाही.

पहिल्याच रविवारी मी अक्षरांचा तक्ता टांगला. अ अननसाचा. चित्रावर बोट ठेवून विचारले, "हे काय?" चार-पाच वर्षांचा एक मुलगा उभा राहिला आणि मोठ्या खात्रीने म्हणाला, "फणस." मी म्हणालो, "चूक." तो खाली बसला. त्यानंतर आठ रविवार झाले. त्याने माझ्या एकाही प्रश्नाला उत्तर दिले नाही. त्याने अननस पाहिला नव्हता, फणस पाहिला होता. काटेरी सालीची ओळख पटवून त्याने उत्तर दिले होते. म्हणजे विचार त्याने केला होता आणि पाठांतर मी केले होते. चूक कोणाची होती हे मला उमजायला पुढे फार दिवस लागले.

मग परीक्षा आल्या, दिवाळी आली. आमचे जाणे खंडित झाले. दिवाळीनंतर उरलेला फराळ बांधून आम्ही गेलो तो निम्म्या झोपड्यांची दारे बांधलेली. माणसे वीटभट्ट्यांवर गेली होती, मुलांसकट. ठाणे जिल्ह्यात हे दरवर्षी घडते. दिवाळी झाली की कातकऱ्यांची बिऱ्हाडे उचल घेतलेल्या भट्टीकडे चालू लागतात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. आम्हाला हे ठाऊक नव्हते. सेविकेला ठाऊक होते, पण ती भिंतीशी बसलेली होती. फराळ वाटून आम्ही दुपारच्या गाडीने परतलो. तो मुलगा कोणत्या भट्टीवर गेला, हे मी विचारलेसुद्धा नाही. कदाचित ती भट्टी आमच्याच कल्याणच्या वेशीवर असेल.

एवढे सांगायचे ते अशासाठी, की आता मी जे कडवट बोलणार आहे ते इतरांविषयी नाही.

लहान मुलांना शिकवायला काय लागते, असे आपल्याकडे भलेभले विचारतात. महाविद्यालयात शिकवायला पदव्युत्तर पदवी हवी, माध्यमिक शाळेत बी.एड. हवे. पण चार वर्षांच्या मुलासाठी प्रेमळ मन आणि मोकळा वेळ पुरतो, असा समज आहे. खरे पाहता क्रम उलटा असायला हवा. मोठा विद्यार्थी वाईट शिक्षकाला बगल देऊन पुस्तकातून शिकतो. लहान मुलाचे पुस्तक म्हणजे समोरचे माणूस. ते पुस्तक दर तीन आठवड्यांनी बदलले, तर मूल एकच धडा पक्का शिकते: येणारा माणूस जातो.

ज्यांनी हे काम खरोखर केले त्यांच्याकडे पाहा, आणि त्यासाठी केनियाला जायला नको. ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे शास्त्र अनुभवाने कमावले आणि १९४५ साली त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या. त्याच वर्षी पस्तिशीतल्या अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे काम कोसबादच्या टेकडीवर गेले. वारल्यांची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या बायकांनी 'पालकांत जागृती नाही' असा अहवाल लिहिला नाही. बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला आहे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात नेली. शंख-शिंपले, बिया, पाने, खडे ही त्यांची साधने. अनुताई १९९२ साली वारल्या. सत्तेचाळीस वर्षे! आमचे आठ रविवार त्यांच्या शेजारी ठेवून पाहावेत.

अमेरिकेने १९६१ साली शांतिदलाची पहिली तुकडी घानाला शिक्षक म्हणून धाडली, तीसुद्धा दोन वर्षांच्या बोलीवर. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे स्वतः शिक्षक. लोक त्यांना 'म्वालिमु', म्हणजे गुरुजी, म्हणत. शाळा गावाच्या जगण्यातून उगवली पाहिजे, हे त्यांनी १९६७ साली लिहून ठेवले. बोर्डीला ते बावीस वर्षे आधी सुरू झाले होते. आणि आमचा तरुण त्याच आफ्रिकेत तीन आठवड्यांचा दिवा लावून येतो!

कोणी म्हणेल, काहीच नसण्यापेक्षा थोडे बरे. हा युक्तिवाद मला मान्य झाला असता, जर तिथे 'काहीच' नसते. पण तिथे बाई असते. तिला दूर सारून आपण उभे राहतो आणि आपल्या सद्भावनेमुळे तिची उणीव भासेनाशी होते. ही सोय सरकारला फार मानवते. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, ताराबाईंची अंगणवाडी देशभर गेली. पण ती चालवणाऱ्या बाईला सरकार दप्तरात 'मानसेवी' म्हणते आणि वेतन न देता 'मानधन' देते. निवृत्त होताना तिला ग्रॅच्युइटी मिळावी, एवढे ठरायला २०२२ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका संपावर गेल्या, तेव्हा त्यांच्या बाजूने रविवारच्या गुरुजींपैकी कितीजण उभे राहिले? मी राहिलो नाही. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदासुद्धा सहाव्या वर्षापासून हक्क देतो; त्याआधीच्या मुलांसाठी सरकारने व्यवस्था 'करावी', एवढीच इच्छा व्यक्त करतो. जिथे हक्क नाही तिथे दया शिरते, आणि दयेला हजेरीपत्रक नसते.

मग शहरातल्या माणसाने घरी बसावे काय? मुळीच नाही. नव्वदच्या दशकात विधायक संसदेने याच जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या; मुले गेली तिथे शाळा गेली. ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली सिग्नल शाळा उभी राहिली. पुलाखाली शाळा म्हणून तिचे कौतुक होते. मला तिचा मोठेपणा वाटतो तो ती रोज भरण्यात. वर्षभर राहता येत असेल, मुलांची बोली शिकता येत असेल, तर अवश्य जावे आणि शिकवावे. तेवढा वेळ नसेल तर शिकवू नये. शिकवणाऱ्या बाईचे काम हलके करावे. तिची नोंदवह्यांची भरताड लिहून द्यावी, गळके छप्पर दुरुस्त करून द्यावे, तिचे थकलेले मानधन का थकले हे पंचायत समितीत जाऊन विचारावे. या कामाची चित्रे पडद्यावर चांगली दिसत नाहीत, हे मला मान्य आहे.

ही दिवाळी सरेल आणि मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवरून बिऱ्हाडे पुन्हा निघतील. कोणते मूल कोणत्या भट्टीवर चालले आहे, हे सेविकेला आधीच माहीत असते. येत्या रविवारी जाणार असाल, तर तिला सतरंजीच्या मध्यभागी बसवा, वही काढून ती यादी तिच्याकडून उतरून घ्या, आणि ती मुलांशी बोलू लागली की आपण उठून भिंतीशी बसा.