माझ्याकडे तर चालतं!

गेल्या वर्षीची ३१ मार्च. रात्रीचे पावणेअकरा. धाकट्या बहिणीचा फोन, आवाज रडवेला. 'ताई, तुझ्या नोटमधल्या स्टेप्स जशाच्या तशा केल्या गं. तरी हॅश-नेम-क्वेश्चनमार्कच येतंय!' सकाळी नऊला साहेबांना शीट हवं. आणि मॅडम अजून प्रोबेशनवर.

नोट माझीच. एक्सेलमध्ये दोन याद्या एक्सलूकअपने कशा जुळवायच्या, पानभर, अगदी बाणबिण काढून. माझ्या लॅपटॉपवर सगळं मस्त चाललं होतं, कारण त्यात मायक्रोसॉफ्ट ३६५ आहे. तिच्या ऑफिसच्या डेस्कटॉपवर होतं एक्सेल २०१६. एक्सलूकअप २०१६ मध्ये नाही, २०१९ मध्येही नाही. ते आलं २०२१ मध्ये. म्हणजे दोन तास बिचारी जो चुकलेला कंस शोधत होती, तो चुकलेलाच नव्हता. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. लिहिणारा लिहून मोकळा होतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, आपल्यालाच जमत नाहीये.

शेवटी फोनवरूनच इंडेक्स-मॅच सांगितलं. साडेअकराला काम झालं. माझी झोप मात्र उडाली.

वरती एकच ओळ लिहिली असती तर? 'मायक्रोसॉफ्ट ३६५, विंडोज ११, अमुक तारखेला करून बघितलं.' बास! 'लेटेस्ट व्हर्जन' असं तर प्लीज लिहू नका. आजचं लेटेस्ट म्हणजे नेमकं कोणतं, हे दोन वर्षांनी कुणाला कळणार? नुसता नंबरही फसवतो. विंडोजवर एक्सेल २०१६, २०१९, २०२१ आणि ३६५, सगळ्यांचा व्हर्जन नंबर १६.० च! (हे मलाही त्या रात्रीच कळलं.) म्हणून फाइल, मग अकाउंट असं जाऊन प्रॉडक्टचं पूर्ण नाव बघायचं आणि तेच उतरवायचं. मशीनही लिहायचं. मॅकच्या एक्सेलमध्ये पॉवर पिव्हट नाहीच. विंडोजवाल्याने लिहिलेलं वाचून मॅकवाला तो टॅब रात्रभर शोधत बसेल. मॅकवर करून बघितलं नसेल, तर तसंही लिहा की! त्यात कसली लाज?

बहीण आता परमनंट झालीय. परवा तिने ज्युनिअरसाठी लिहिलेली नोट मला दाखवली. पहिलीच ओळ: 'एक्सेल २०१६, ऑफिसचा विंडोज डेस्कटॉप. ताईच्या लॅपटॉपवर करून बघितलेलं नाही.'