मामाच्या गावाला गाडी जात होती काय?

चैत्र सरत आला की मराठी पुरवण्यांना आणि विशेषांकांना एका ठरावीक ललितलेखाचा मोहर येतो. त्यात आजोळ असते. अढीतले आंबे, वाळा घातलेले माठातले पाणी, गच्चीवर ओळीने घातलेल्या गाद्या, झब्बूचा डाव, गोष्ट सांगणारी आजी हे सारे ठरल्या क्रमाने येऊन जाते आणि शेवटच्या परिच्छेदात ते दिवस हरपल्याचा उसासा उमटतो. लेखकाचे नाव झाकले तर लेख रत्नागिरीच्या माणसाने लिहिला की नांदेडच्या, हे सांगता येणार नाही. लेखक पुरुष आहे की स्त्री हेही पुष्कळदा कळत नाही. आमच्या मते हा प्रश्न केवळ कंटाळ्याचा नाही. हे लेखन खोटे आहे आणि त्याच्या खोटेपणाची किंमत वर्गात बसलेली मुले मोजीत आहेत, असे आमचे म्हणणे आहे. ते सप्रमाण मांडावे म्हणून हा प्रपंच.

प्रथम एक कबुली. आम्हीही आंबे खाल्ले आहेत. दुपारी घरातली मोठी माणसे निजली असता मीठ-तिखट लावून कैरी खाण्याचे सुख आम्हांला ठाऊक आहे आणि ते सुख क्षुद्र आहे असे आम्ही मानीत नाही. मूठभर करवंदांवर उत्तम निबंध होऊ शकतो. लहान सुखांविषयी लिहिणे म्हणजे मध्यमवर्गीय चैन, असा जो आक्षेप अधूनमधून घेतला जातो तोही आम्हांला मान्य नाही. आमचे भांडण सुखाशी नाही, सुखाचा जो हिशेब दिला जातो त्याच्याशी आहे.

आता पहिले प्रमाण. या प्रकारच्या लेखांत आगगाडी हटकून येते. ती धूर सोडते, बोगद्यात शिरते, आणि मामा स्थानकावर वाट पाहत असतो. आमच्या वाचनात असेच एक लेखन आले. लेखक साठीच्या पुढचे, आजोळ रत्नागिरी जिल्ह्यात, आणि प्रवास आगगाडीने. आता कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग प्रवाशांसाठी खुला झाला तो १९९८ साली. त्यापूर्वीच्या दशकांत मुंबईहून रत्नागिरीकडे जाणारे मूल एकतर भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसे, पडावातून किनारा गाठी, नाहीतर एस. टी.च्या मागच्या बाकावर घाटात ओकाऱ्या काढीत जाई. कोल्हापूरपर्यंत रेल्वेने जाऊन पुढे घाट उतरणारे कोणी असतील, पण त्यांच्याही मामाच्या गावात स्थानक नव्हते. मग ही गाडी आली कोठून? ती ग. दि. माडगूळकरांच्या गाण्यातून आली. गाणे गोड आहे, त्याचा काही दोष नाही. दोष आहे तो स्वतःच्या आठवणीतील बोट बुडवून तिच्या जागी गाण्यातील गाडी उभी करणाऱ्या लेखकाचा. पडावात उतरताना वाटलेली भीती, खलाशाने बखोटीला धरून उचलल्याची लाज आणि मौज, डिझेलचा नि खाऱ्या वाऱ्याचा मिश्र वास हे सारे त्याच्यापाशी होते. ते त्याने टाकून दिले आणि सर्वांपाशी असलेली वस्तू घेतली.

येथे कोणी म्हणेल, ललितलेखाला रेल्वेचे वेळापत्रक कशाला लावता? आमचे उत्तर असे की, ललितलेखाचा सारा अधिकार 'हे मी पाहिले' या एका वाक्यावर उभा असतो. कादंबरीकाराला ती सवलत आहे, आठवण सांगणाऱ्याला नाही.

दुसरे प्रमाण अंगणातील वाळवणाचे. 'अंगणभर कुरडया-पापड पसरलेले असत' असे लिहून लेखक पुढे सरकतो. ते पसरलेले असत म्हणजे कोणी पसरले? कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवावे लागतात, पाणी रोज बदलावे लागते, मग ते वाटून त्यातला चीक गाळायचा, निवळू द्यायचा, वरचे पाणी ओतून टाकायचे, आणि भल्या पहाटे चुलीवर मोठ्या पातेल्यात तो गुठळी होऊ न देता घोटायचा. हात भरून येतात. चीक गरम असतानाच सोऱ्यात भरून दाबावा लागतो, कारण गार झाला की तो उतरत नाही, आणि ऊन चढायच्या आत सर्व घालून व्हायला हवे. हे वैशाखात, धुराच्या स्वयंपाकघरात, माहेरी विसाव्याला म्हणून आलेल्या लेकीसुद्धा करीत. लेखकाच्या वाट्याला वाटीभर चीक आणि कावळे हाकण्याचे काम आले, एवढेच त्याला आठवते. सात वर्षांच्या मुलाने तेवढेच पाहावे हे स्वाभाविक आहे, पण पन्नाशीच्या लेखकाने तेवढ्यावरच थांबावे याला आम्ही आळस म्हणतो.

या आळसाने कष्ट तर झाकले जातातच, आनंदही झाकला जातो. पापड लाटायला जमलेल्या बायकांच्या गप्पांत सासरची गाऱ्हाणी असत, चावट विनोद असत, कोणाच्या जमिनीचा वाद असे, कोणाची तरी न सांगता येणारी अडचण लाटण्याच्या तालावर सांगितली जाई. वर्षातून हीच काय ती बैठक त्यांच्या हक्काची होती. पोरांना 'जा, खेळा बाहेर' म्हणून का पिटाळले जाई, याचा शोध मोठेपणी एकाही लेखकाने घेऊ नये? स्त्रीच्या उन्हाळ्यातील खरे सुख त्या पिटाळण्याच्या पलीकडे होते. आमच्या स्मरणलेखनाने त्याचा पापड केला आणि वाळत घातला.

तिसरे प्रमाण भूगोलाचे. मराठी उन्हाळा एकच नाही. गडचिरोली-गोंदियाकडे एप्रिल-मे म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटे जंगलात जायचे, पाने खुडून आणायची, दुपारी सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी ते संकलन केंद्रावर द्यायचे. पुडे बांधायला सारे घर बसते. बीडकडच्या ऊसतोड कुटुंबांचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर संपतो, म्हणजे त्यांची मुले उन्हाळ्यात गावाला 'जात' नाहीत, स्वतःच्या घरी 'परततात'. आजोळची सुट्टी हा शब्दच तेथे उलटा होतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेगाडी गेली ती पाणी घेऊन. त्या वर्षी लातूरच्या मुलांनी गाडीची वाट पाहिली असेल तर ती मामाच्या गावाला जाण्यासाठी खचित नव्हे.

पण येथे दुसरा एक खड्डा आहे आणि त्यात पडणारेही पुष्कळ आहेत. आंब्याचा साचा मोडून दुःखाचा साचा बसविला की काम झाले, असे त्यांना वाटते. हंडा घेतलेली बाई, भेगाळलेली जमीन, सुकलेला आड. पुन्हा नाव झाकले तर लेखक कोण ते कळू नये. हेही तितकेच खोटे. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला आईबापांबरोबर गेलेली मुले आज साठीच्या आसपास आहेत. त्यांना विचारा. मिलोच्या भाकरीला ती नाक मुरडतील, पण कामावर वाटल्या जाणाऱ्या सुकडीची चव सांगताना त्यांचे डोळे लकाकतात. उपासमारीच्या उन्हाळ्यातील ती गोडी आमच्या ललितलेखात का नाही? कारण ती सुखाच्या साच्यात बसत नाही आणि दुःखाच्याही नाही. जी वस्तू दोन्ही साच्यांत बसत नाही ती बहुधा खरी असते.

असे लिहिता येते याचे दाखले आपल्याच भाषेत आहेत. १९३४पासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे'त लक्ष्मीबाई टिळक वडिलांच्या सोवळ्याचा जाच सांगतात आणि आपल्याला हसवतात. हसता हसता जाच विसरला जात नाही, आणि जाचापायी हसूही मावळत नाही. दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्रा'त (१९५६) चैत्र-वैशाख येतात ते झाडाझुडपांची नेमकी ओळख घेऊन. तेथे उन्हाळा पाहिला जातो, नुसता आठवला जात नाही. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमचं'मध्येही आजोळ आहे. ते महारवाड्यातले आजोळ आहे, तेथे भूक आहे, अपमान आहे, आणि आषाढातल्या सणाचा उसळता आनंदही आहे. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) मुंबईचा कावाखाना आणि गावाकडचा महारवाडा यांच्यात येजा आहे. गावाला जाणे म्हणजे काय, हा प्रश्न ते पुस्तक वाचल्यावर पूर्वीसारखा उरत नाही. ही पुस्तके आपण अभ्यासक्रमात लावतो, त्यांवर प्रश्न काढतो, आणि पुरवणीसाठी लिहायला बसलो की त्यांतले एकही वाक्य न वाचल्यासारखे लिहितो.

आता वर्गाकडे येऊ. 'माझी उन्हाळ्याची सुट्टी' हा निबंध आम्ही शिक्षक म्हणून वर्षानुवर्षे घातला आहे. आमच्यापैकी एकीच्या वर्गातल्या मुलीने त्यात आमराई, झोका, मामाची बैलगाडी असे सर्व लिहिले. तिला मामा नव्हता. तोंडी विचारल्यावर कळले की, तिची सुट्टी रात्री टँकरच्या रांगेत हंडे राखण्यात गेली. त्या रांगेत ती सागरगोटे खेळायला शिकली, पलीकडच्या गल्लीतली एक मैत्रीण तिला तेथेच मिळाली, आणि पहाटे टँकर आला तेव्हा दोघींना खेळ मोडल्याचे वाईट वाटले. 'हे का नाही लिहिलेस?' या प्रश्नावर ती म्हणाली, 'बाई, हे निबंधात येत नाही.' तिचे उत्तर अचूक होते. आमराईच्या निबंधाला आम्ही दहापैकी आठ गुण दिले होते.

ती मुलगी खोटे बोलत नव्हती, ती आमच्याकडून शिकत होती. साहित्य म्हणजे आपल्या अनुभवाच्या जागी मान्यताप्राप्त अनुभव ठेवणे, हे तिने पुरवण्यांतून, मार्गदर्शकांतून आणि आमच्या गुणदानातून नेमके उचलले होते. टँकरच्या रांगेतले सागरगोटे ही जी एक वस्तू फक्त तिच्यापाशी होती, ती लिहिण्याजोगी नाही असे तिला वाटावे, याहून मोठे अपयश भाषाशिक्षकाचे कोणते? आठवणींचे साचेबंद लेखन निरुपद्रवी आहे, असे म्हणणाऱ्यांनी या मुलीला उत्तर द्यावे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. संपादकांनी उन्हाळ्याचा लेख स्वीकारताना लेखकाला विचारावे, कोणते गाव, कोणते साल, गाडी कोणती, आणि कुरडया कोणी घातल्या. उत्तर नसेल तर लेख परत करावा. शिक्षकांनी निबंध तपासताना आमराईचे दोन गुण कापावेत आणि रांगेला द्यावेत. लेखकांनी आई, मावशी, आत्या हयात असेल तर लिहायला बसण्यापूर्वी तिच्याशी तासभर बोलावे. आठवणीतले ऊन मुलाला लागले नव्हते, पण तिला लागले होते.

आम्ही स्वतःपासून आरंभ केला आहे. यंदा निबंधाचा विषय आम्ही बदलला. 'सुट्टीतील एक दुपार : तुम्ही कोठे होता आणि घरातील इतर माणसे त्या वेळी काय करीत होती?' असा तो आहे. निम्म्या मुलांनी तरीही आमराईच लिहिली. उरलेल्यांचे निबंध आम्ही जपून ठेवले आहेत.