पंक्चर काढणाऱ्याने सायकलवर भटकायचे नाही?

मुसलमान आणि सायकल हे दोन शब्द एकत्र आले की पुढचा शब्द ठरलेला असतो, पंक्चर. सोशल मीडियावर कुठल्याही विषयावर मत मांडा, चार प्रतिक्रियांनंतर कुणीतरी ‘जा, पंक्चर काढ’ म्हणून जातो. १४ एप्रिल २०२५ रोजी हिसारच्या सभेत खुद्द पंतप्रधान म्हणाले की, वक्फच्या मालमत्तांचा प्रामाणिक वापर झाला असता तर मुस्लिम तरुणांवर सायकलचे पंक्चर काढत जगण्याची वेळ आली नसती. आपल्याकडून त्यावर दोन छापाची उत्तरे आली. एक, हे कष्टाचे, हलाल कमाईचे काम आहे. दोन, आमच्यात डॉक्टर-इंजिनिअरही आहेत. दोन्ही खरी आहेत. पण टोमणा मारणाऱ्याचे एक गृहीतक दोन्ही उत्तरांनी मुकाट मान्य केले आहे: मुसलमानाचा सायकलशी संबंध पोटापुरता. तो ती दुरुस्त करील, तिच्यावर भंगार लादून गल्लोगल्ली हिंडेल. निव्वळ आनंदासाठी तो टांग मारून चार दिवस एकटा भटकेल, हे त्यांना सुचत नाही आणि आपल्यालाही.

गेल्या हिवाळ्यात मी तसा भटकलो. अंबाजोगाईहून केज, नेकनूर, मांजरसुंबा करत बीड, मग तोच घाट पुन्हा चढून पाटोद्यामार्गे सौताडा. साधी बिनगिअरची सायकल. कॅरिअरला बांधलेला तंबू, रजई, जानमाज, पंप आणि सोल्युशनची ट्यूब. होय, वाटेत दोनदा पंक्चर झाले आणि दोन्ही वेळा मीच काढले.

निघण्याआधी मला दोन प्रश्न विचारले गेले. मोहल्ल्यातला प्रश्न होता, ‘कामधंदा नाही का?’ गंमत म्हणजे हाच तरुण चाळीस दिवस जमातीत निघाला असता तर लोकांनी दुवा देऊन निरोप दिला असता. उर्सला, इज्तेमाला, रोजगाराला, हजला जाणे आपल्याला समजते. बालाघाटचे डोंगर पाहायला जाणे समजत नाही. मी मुलगी असतो तर हा प्रश्न विचारायचीही गरज पडली नसती, कारण उंबरठाच ओलांडू दिला नसता.

दुसरा प्रश्न मित्रांचा होता, ‘रात्री कुणी नाव विचारलं तर?’ त्यावर त्यांनीच तोडगा काढला, ‘राजू सांग.’ मी त्यांना भेकड म्हणणार नाही. ३० मार्च २०२५ च्या पहाटे, ईदच्या आदल्या दिवशी, गेवराई तालुक्यातल्या अर्धा मसला गावात मशिदीत जिलेटिनचा स्फोट घडवला गेला. ही भीती हवेतून आलेली नाही. तरीही मी राजू सांगितले नाही. आईबापाने ठेवलेले नाव लपवून जो रस्ता मोकळा होतो, तो रस्ता राजूसाठी मोकळा असतो, माझ्यासाठी नाही.

एका गावाबाहेर रात्री चार पोरे आली. आधार कार्ड पाहिले, पिशवी उपसली, जानमाजचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात एका आजींनी आपल्या आखाड्यावर तंबू ठोकू दिला आणि ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा पुढ्यात ठेवला. आता वाचकांची अपेक्षा असेल की मी म्हणावे, बघा, माणुसकी अजून जिवंत आहे. आजींचे उपकार मी विसरणार नाही. पण त्या भाकरीने पोरांनी उपसलेली पिशवी भरून निघत नाही. राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने देशभर मुक्तपणे संचार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. ते मिळणार की नाही, हे त्या रात्री चांगली माणसे भेटतात की वाईट, यावर ठरत असेल तर त्याला स्वातंत्र्य नव्हे, नशीब म्हणतात.

इथे एक डावा आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दिवाळीच्या सुमारास ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसे पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि हंगामभर कारखान्याच्या आवारात किंवा फडाजवळ कोपीत राहतात. मी गेलो तेव्हा कित्येक घरांना कुलपे होती, ओट्यावर म्हातारी माणसे आणि नातवंडे. जिथे लाखोंना नाइलाजाने पालाखाली झोपावे लागते तिथे हौसेने तंबू ठोकणे हा पोटभरल्यांचा चाळा नव्हे काय? नव्हे. कोपीत राहण्याची सक्ती संपली पाहिजे, ही मागणी आणि गरिबालाही चार दिवस बिनकामाचे फिरता आले पाहिजे, ही मागणी एकच आहे. गरिबाच्या वाट्याला फक्त घाम आणि श्रीमंताच्या वाट्याला निसर्ग, ही वाटणी कुणी ठरवली?

इस्लामने तर नाहीच. कुरआन माणसाला पृथ्वीवर फिरून पाहायला सांगतो. प्रवासात चार रकअतींची फर्ज नमाज दोन होते, रोजा पुढे ढकलता येतो. जकातीच्या आठ हकदारांत मुसाफिर आहे. इब्न बतूता १३२५ मध्ये एकविसाव्या वर्षी टँजियरहून एकटा निघाला आणि पुढे आपल्या दौलताबादपर्यंत आला. त्याला वाटेवर सराया आणि खानकाह मिळाल्या. आपण त्या परंपरेचा अभिमान बाळगतो आणि पोराला सायकलवर पाहिले की कामधंदा विचारतो.

अल्पसंख्याकाने गप्प घरात बसावे, असा काही निसर्गनियम नाही. १९२३ मध्ये मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यातले तिघे १९२८ मध्ये फेरी पूर्ण करून परतले. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये विशीत सायकलने पृथ्वीप्रदक्षिणा केली. दुसरीकडे, इंग्लंडमध्ये २०२१ च्या नाताळला शंभरावर मुस्लिम पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरावर चढले, तर त्यांच्या फोटोंखाली वांशिक शिव्यांचा पाऊस पडला. म्हणजे नाव पाहून रस्ता नाकारणारे तिथेही आहेत. फरक त्या लोकांच्या उत्तरात होता: ते पुन्हा, आणखी माणसे घेऊन चढले.

आपले उत्तरही तेच असावे. शासनाने काय करावे हे सांगता येईल: मुक्कामाला ग्रामपंचायतीची किंवा शाळेची जागा मिळावी, रात्री कुणी झडती घेतली तर पोलिसांनी प्रवाशाची नव्हे, झडती घेणाऱ्याची चौकशी करावी. पण एक काम आपल्या हातात आहे. दर्ग्यांजवळ, इनामी जमिनींवर पूर्वी मुसाफिरखाने असत. वक्फच्या नावाने दोन्ही बाजूंनी भांडणाऱ्यांनी रस्त्यालगतच्या एखाद्या जागेवर एक खोली, नळ, दिवा आणि हवा भरायचा पंप ठेवावा. येणाऱ्याला जात, धर्म, नाव विचारू नये. शेकडो वर्षांच्या जुन्या आतिथ्याची आठवण काढण्यापेक्षा हे स्वस्त पडेल.

आणि पंक्चरवाल्यांना माझे सांगणे एवढेच: दुसऱ्याचे चाक रस्त्यावर आणण्याचे कसब तुमच्याकडे आहे. एखाद्या जुम्म्यानंतर दुकान बंद करा, स्वतःच्या सायकलीत हवा भरा आणि निघा. मुलीलाही बरोबर घ्या. कुणी नाव विचारले तर खरे सांगा.