अस्तंब्याची यात्रा : गर्दी आपल्या डोंगरावर, मग कमाई कुणाची?

तळोदा : दिवाळीत धनत्रयोदशीच्या सुमारास तळोद्यात गाड्यांची गर्दी होते. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेशातले भाविक अस्तंबा ऋषींच्या दर्शनाला सातपुडा चढतात. दोन-चार दिवसांत जत्रा उतरते. वाटेवरचे काही जण चहा-पाण्याचं दुकान लावतात. पण भाविकाचा बराच खर्च गाडी, डिझेल, नारळ यावर खालीच होऊन जातो. वरच्या पाड्यांच्या वाट्याला उरतो प्लास्टिकचा कचरा.

आणि दिवाळी संपली की याच पाड्यांतली माणसं ऊसतोडीला, मजुरीला गुजरातची वाट धरतात. म्हणून हा विषय नुसता पर्यटनाचा नाही, पोटाचा आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास गाव बघा. तिथं २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांच्या साथीनं समुद्री कासवांची अंडी राखली. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावातल्याच घरी राहतात, घरचंच जेवतात. पैसा थेट चुलीपर्यंत पोचतो, त्यामुळं कासव राखणं गावाला परवडतं.

आपल्याकडं कायद्याचा आधारही आहे. तळोदा, अक्राणी हे पेसा क्षेत्र. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ नं जंगल, पाणी, जैवविविधता राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. मग यात्रेच्या महिनाभर आधी वाटेवरच्या ग्रामसभांनी एकत्र बसून ठरवावं : वाहनतळ कुठं, वाटाड्या कोण, भाकरी-भाजी कोणता बचत गट देणार, कचरा खाली कोण आणणार आणि त्याचे दर किती. ठराव लेखी करून पंचायत समिती आणि वन विभागाला द्यावा.

सुरक्षाही यातच येते. २०२५ च्या दिवाळीत अस्तंब्याहून परतणाऱ्या भाविकांची गाडी चांदशैली घाटात कोसळली, कित्येक घरं उघडी पडली. मालवाहू गाडीत माणसं कोंबून घाट उतरवणं थांबलंच पाहिजे. ते काम पोलीस आणि आरटीओचं. पण गाडीत बसायचं की नाही, हे आपल्या हातात आहे.

चार दिवसांच्या यात्रेनं स्थलांतर थांबणार नाही, हे खरं. पण अस्तंब्यानंतर महाशिवरात्रीला तोरणमाळ आहे, मग काठीची होळी. तिन्ही ठिकाणी गावानंच कारभार हातात घेतला, तर काही घरांना तरी गुजरातची वाट उशिरा धरता येईल. देवस्थानाजवळ हॉटेलं उभी राहण्याआधी ग्रामसभेनं आपलं म्हणणं मांडावं. नंतर बोलून उपयोग नाही.